पापण्यांचा हंगाम

"डोळा चोळू नका!"

सात रस्त्यावरच्या रसवंतीत अर्शी हे इतक्या जोरात बोलली, की रसवाल्यानं चरक बंद करून मागं वळून पाहिलं. एप्रिलातली दुपार. आत्ताच एक वावटळ चौकातून गिरकी घेऊन गेली होती, आणि जाताना अर्धी धूळ बाकावर बसलेल्या एका उंच तरुणाच्या डोळ्यांत टाकून गेली होती. तो मुठीनं डोळा खसाखसा चोळत होता, आणि अर्शीला दुसरं काहीही बघवेल, डोळा चोळणारा माणूस बघवत नसे.

"मग काय करू?" तो कळवळला. "आख्खा सात रस्ता आत शिरलाय माझ्या."

"हात काढा. वर बघा... वर म्हणजे पत्र्याकडं, माझ्याकडं नाही."

तिनं स्वच्छ रुमालाचं टोक पाण्यात भिजवलं आणि हलक्या हातानं कण टिपून घेतला. काम झालं होतं. हात मागं घ्यायला हवा होता. पण तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या पापण्यांकडं गेलं. दाट, लांब, टोकाशी अलगद वळलेल्या. तासन्‌तास खपून ती बायकांना जे लावून द्यायची, ते या माणसाला देवानं उगाचच दिलं होतं.

"ह्या... ह्या तुमच्याच हायत?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "भाड्यानं आणल्यात. सांजच्याला परत द्यायच्यात."

अर्शीचे कान तापले. रसाचा ग्लास अर्धाच ठेवून ती उठली.

"शुक्रिया, डॉक्टर मॅडम!" मागून आवाज आला.

"मी डॉक्टर नाही."

"मग लोकांच्या डोळ्यांत एवढं कशापायी बघता?"

या प्रश्नाला तिच्याकडं चांगलं उत्तर होतं, पण ते तिला जिना चढून पार्लरच्या दारात पोचल्यावर सुचलं. चांगली उत्तरं नेहमी उशिराच येतात.

पार्लर रत्नम्माचं. थ्रेडिंग, फेशियल, केस कापणं, सगळं तिथं होई. अर्शी पुण्याहून पापण्यांचं काम शिकून आली, तेव्हा सोलापुरात तिला कुणी दारात उभं करीना. 'पापण्या चिकटवायच्या? ते कोण करणार हितं?' असं म्हणून सगळ्यांनी वाटेला लावलं. फक्त रत्नम्मानं पडद्यामागचा कोपरा रिकामा करून एक खाट टाकून दिली. "बघू की," एवढंच म्हणाली. त्या 'बघू की'चे उपकार अर्शी रोज सकाळी दार उघडताना आठवायची. बघता बघता खाट चालायला लागली. आपल्या एकेका पापणीवर एकेक बारीक, वळणदार केस चिकटवून घ्यायला लांबून बायका येऊ लागल्या.

पण आता उन्हाळा आला होता. कडुलिंबाला पानगळ असते तशी माणसाच्या पापण्यांनाही असते, हे कुणाला सांगून पटत नाही. पापणी उगवते, वाढते, गळते. ऋतू पालटताना जरा जास्तच गळते. आणि गळताना तिच्यावर चिकटवलेला केसही सोबत घेऊन जाते. बायकांना मात्र एवढंच दिसतं, की पैसे देऊन लावलेलं पडलं! मग तक्रारी, रडारड, आणि दारातच, इतर गिऱ्हाइकांसमोर.

"अर्शी," रत्नम्मा सकाळीच म्हणाली होती, "तुझ्यावर राग नाही गं माझा. पण ह्या महिन्यात अजून एक बाई रडत आली ना, तर खाट काढावी लागंल बघ. मला पार्लर चालवायचंय की."

खरंच होतं ते. रागवायला काही जागाच नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

दुपारचा चहा व्हायच्या आतच दारावरची घंटी वाजली. सबा आली होती. ईद नुकतीच झाली होती, तिचा निकाह पंधरवड्यावर आला होता, आणि तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सरळसरळ मोकळी जागा दिसत होती. ती रडत होती. आणि तिच्यामागून जिना चढून आला तो रसवंतीतला माणूस.

"अल्ला..." अर्शी पुटपुटली.

"डॉक्टर मॅडम!" तो दारातच थांबला. "म्हणजे तुमीच त्या? आमच्या सबाच्या पापण्या लावणाऱ्या?"

"भाई, हसू नको!" सबा स्फुंदली. "बाजी, बघा की काय झालंय. ग्लू खराब होता तुमचा. सगळ्या जणी तसंच म्हणतायत."

रत्नम्मानं एका गिऱ्हाइकाच्या भुवईवरचा दोरा थांबवून अर्शीकडं पाहिलं. तिच्या नजरेत दम नव्हता, काळजी होती.

"पडलेल्या पापण्या कुटं हायत?" अर्शीनं शांतपणे विचारलं. "मला बघू देत. ग्लू सुटला असंल तर नुसता केस पडतो. तुमची पापणीच गळाली असंल तर केसाला ती चिकटलेली दिसती. लगेच कळतं."

सबानं ओठ चावला.

"नाही ठेवल्या?"

"फुंकल्या."

"काय?"

"पापणी पडली की मुठीवर ठेवून मागणं मागायचं नि फुंकायची असती ना, बाजी!" सबा जणू अर्शीच कुठून वेगळ्या गावाहून आल्यासारखं म्हणाली. "मग मी रोज... रोज पडत होत्या, मी रोज मागत होते."

"म्हणजे सगळा पुरावा वाऱ्यावर," तिचा भाऊ म्हणाला. खोलीतल्या दोघी-तिघी हसल्या. सबासुद्धा रडता रडता हसली. अर्शीला मात्र हसता येईना, कारण तिचं सगळं त्या वाऱ्यावर गेलेल्या पुराव्यात होतं.

रत्नम्मानं मार्ग काढला. "आता एक काम कर, नव्यानं दाट लावून दे. नवरी हाय. पैसे नकोत."

सरळ 'हो' म्हणायचं होतं. खाट वाचली असती. अर्शीनं सबाचा डोळा दिव्याखाली पाहिला. पापण्या विरळ झाल्या होत्या. तळाशी नवीन, कोवळ्या, नुकत्याच डोकं वर काढणाऱ्या. त्यांच्यावर दाट गुच्छ ठेवायचे म्हणजे रोपावर पोतं ठेवायचं.

"नाही लावायच्या, अक्का," ती म्हणाली. "उलट हायत त्या पण काढायला पाहिजेत. ह्यांचा गळायचा मोसम चालू हाय. जरा विसावा द्यायचा, निकाहच्या आदल्या दिवशी चारदोन हलक्या लावायच्या, बाहेरच्या कडेला. बस."

सबाचा चेहरा पडला. रत्नम्मानं दोरा खाली ठेवला.

"समजा मी पडलेल्या पापण्या आणून दाखवल्या," भाऊ हळूच म्हणाला, "तर तुमी ते शाबित करून दाखवाल? मोसमाचं?"

"दाखवीन की."

"मग ठरलं. सबा, आजपासून मागणं बंद." जाता जाता तो वळला. "माझं नाव मुबीन. भाड्याच्या पापण्या माझ्याच."

चार-पाच दिवसांनी तो एकटाच आला, शर्टाच्या खिशात काड्यापेटी घेऊन. आत पांढऱ्या कापसावर सबाच्या पापण्या इतक्या नीट मांडलेल्या होत्या, की अर्शीला एकदम भरून आलं. तिच्या शब्दाखातर कुणीतरी इतकी तसदी घेतली होती. आजवर बायका भांडून गेल्या होत्या, रडून गेल्या होत्या. थांबून, 'दाखवा बरं' असं कुणी म्हटलं नव्हतं.

तिनं भिंगाचा दिवा ओढला. "या. वाका. बघा, काळा जाड केस आपला. त्याला चिकटलेला हा बारीक... दिसतोय? तळाशी पांढरा ठिपका हाय. ते मूळ. म्हणजे ही पापणी तिच्या वेळेनं, तिच्या पायानं गेलेली हाय. ग्लू तर अजून धरूनच बसलाय."

"लई इमानदार ग्लू हाय."

दोघांची डोकी भिंगावर वाकलेली. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा आणि किंचित मशीनच्या तेलाचा वास येत होता. अर्शीनं एकेक पापणी चिमट्यानं उलटवली. सगळ्यांची तीच कथा. मग शेवटची आली. तिला काहीच चिकटवलेलं नव्हतं. नुसती लांब, वळणदार पापणी.

"ही सबाची नाही."

"न्हाय." मुबीननं घसा खाकरला. "ती... माझी हाय. परवा तोंड धुताना पडली. म्हटलं, मॅडम म्हणतात मोसम सगळ्यांनाच लागतो, तर आपला पण नमुना द्यावा."

अर्शी हसली. मनापासून, आवाज करून. पडद्यापलीकडून रत्नम्माची मान डोकावली आणि परत गेली.

"सबा काय मागत होती, ठावं हाय?" तो भिंगातूनच बघत म्हणाला. "परवा अम्मीनं वदवून घेतलं. माझ्यासाठी बायको मागत होती. रोज एक. एवढ्या पापण्या गेल्या म्हणजे... आता किती येतायत बघायचं."

"एक पुरं की," अर्शी म्हणाली, आणि मग आपण काय म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं. ती घाईघाईनं चिमटा पुसायला लागली. चिमटा आधीच स्वच्छ होता.

तो श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. गाळप चालू असेपर्यंत तिकडंच, खोली घेऊन. आता गाळप बंद झालं होतं. "आमचा हंगाम संपला, तुमचा चालू झाला," तो म्हणाला. "पण एक सांगतो मॅडम, तुमचं म्हणणं मला पहिल्याच दिवशी पटलं होतं. आमी पण तेच करतो. हंगाम संपला की मिल उघडायची, सगळी खोलायची, साफ करायची, बसू द्यायची. न्हाय विसावा दिला तर ऐन गाळपात दगा देती. सबाला पण तेच सांगितलं."

"मग त्या दिवशी पुरावा का मागितला?"

"परत यायला काहीतरी निमित्त नको का?"

अर्शीनं नुसते आभार मानले, तेही खाली बघून.

सबा तयार झाली, पण एका अटीवर. "बाजी, आधी तुमी काढा. तुमच्या पण लावलेल्याच हायत की. मला एकटीला बोडकं करू नका."

अर्शीचा हात थबकला. काम शिकल्यापासून तिनं स्वतःचे डोळे बोडके ठेवलेच नव्हते. ती पार्लरची चालती-बोलती पाटी होती. बायका तिच्याकडं बघूनच खाटेवर आडव्या होत. सगळ्यांना विसावा सांगणाऱ्या अर्शीनं स्वतःला तो कधी दिला नव्हता. आणि हल्ली तर तिला आणखी एक भीती होती. कुणीतरी रोज संध्याकाळी बहिणीला निकाहआधीच्या उटण्या-फेशियलला आणायच्या निमित्तानं जिना चढून येत होतं, आणि ते कुणीतरी बघत होतं ते या लांब, काळ्याभोर पापण्यांकडं. त्या काढल्यावर खाली काय उरतं, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"अक्का," ती रत्नम्माला म्हणाली, "तुमी काढता माझ्या?"

रत्नम्मानं दोरा ठेवला, हात धुतले आणि तिला तिच्याच खाटेवर झोपवलं. ग्लू सैल करणारी जेल लावली, आणि अर्शीनंच शिकवल्याप्रमाणं एकेक केस अलगद ओढून काढला. आईनं पोरीच्या डोक्यातला गुंता काढावा तसं. "आता उघड," ती म्हणाली.

आरशात एक साधी मुलगी होती. पापण्या आखूड, मधूनमधून विरळ, फिकट. डोळे एकदम लहान वाटले, आणि उघडे. अर्शीला रडूच यायला लागलं, आणि नेमक्या त्याच क्षणी घंटी वाजली.

मुबीन सबाला न्यायला आला होता. पडदा बाजूला होता. त्यानं अर्शीकडं पाहिलं... पाहतच राहिला... आणि मग त्यानं नजर झटकन खाली टाकली. "मी... खाली थांबतो," एवढंच म्हणून तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सबा अम्मीबरोबर आली. चौथ्या दिवशीही तसंच.

बस्स, अर्शीला कळायचं ते कळलं. माणसाला पाटी आवडली होती, दुकान नव्हे. रागावून तरी काय उपयोग? तिनं सबाच्याही उरलेल्या पापण्या काढल्या, मान खाली घालून काम केलं. सबाच्या अम्मी जुलेखाबी येताना एरंडेलाची बाटली घेऊन आल्या होत्या, "रोज लावती मी पोरीला, दाट व्हतील म्हणून." तेव्हा अर्शीनं हसून, समजावून ती बाटली परत पिशवीत घातली. "चिकटवायच्या आधी आठ दिवस तेल नको, खालाजान. तेलावर ग्लू बसत नाही. नुसत्या पाण्यानं धुवायच्या, कोरड्या टिपायच्या, चोळायचं नाही." जुलेखाबी तिच्या बोडक्या डोळ्यांकडं फार वेळ बघत राहिल्या. एवढं काय बघतायत, असं अर्शीला वाटलं. तिला आता बघणाऱ्यांचा कंटाळाच आला होता.

निकाहच्या आदल्या दिवशी तिनं सबाच्या डोळ्यांच्या कडांना मोजक्याच, हलक्या पापण्या लावल्या. दुसऱ्या दिवशी रत्नम्मा आणि ती शादीखान्यात गेल्या. बायकांच्या बाजूला कुजबुज होतीच. "नवरी लई साधी दिसती." "डोळे भरल्यासारखे न्हाय वाटत." रत्नम्मानं ते ऐकलं आणि अर्शीचा हात घट्ट धरला. आज खाट राहते का जाते, ते दोघींनाही ठाऊक होतं.

मग रुखसतीची, नवरीच्या पाठवणीची वेळ झाली. सबा अम्मीच्या गळ्यात पडली आणि असं काही रडली, की शादीखान्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर शोधू लागल्या. ती डोळे पुसत होती, परत रडत होती, ओढणीनं परत पुसत होती. अर्शी दारात श्वास रोखून उभी. दाट लावल्या असत्या तर आत्ता अर्ध्या गालावर आल्या असत्या. सबानं मान वर केली. डोळे लाल, पापण्या ओल्या, पण जागच्या जागी. आणि त्या रडक्या चेहऱ्यात सबाच दिसत होती, दुसरी कुणी नव्हे.

"एवढं रडली पण पोरगी देखणीच," सबाची सासू कौतुकानं म्हणाली. "कुणी केलं हो डोळ्यांचं?"

जुलेखाबींनी भर गर्दीत अर्शीला पुढं ओढलं आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला. "हिनं. आमी दाट मागत होतो, हिनं ऐकलं न्हाय. अल्ला हिला सुखी ठेवो."

रत्नम्मा पदरानं डोळे टिपत होती. "खाट राहू दे गं," ती अर्शीच्या कानाशी म्हणाली. "आणि उन्हाळ्यात येणाऱ्या सगळ्यांना आधी हेच सांगत जा. ऐकत नसतील तर मला हाक मार."

कुणाकुणाचे आभार मानायचे? कोपरा देणारीचे, ऐकणारीचे... आणि काड्यापेटी घेऊन येणाऱ्याचेही, तो नंतर आला नाही तरी. त्याच्याशिवाय हे झालं नसतं. राग होता, पण उपकार विसरणं तिच्या रक्तात नव्हतं. ती त्याला शोधत बाहेर आली.

मंडपाच्या मागं, बिर्याणीच्या रिकाम्या देगांजवळ तो उभा होता. बहिणीची गाडी नुकतीच गेली होती.

"शुक्रिया म्हणायला आले," ती म्हणाली. "तुमी पटवून दिलं नसतं, तर सबा तयार झाली नसती. माझी खाट राहिली. बस, एवढंच." ती वळली.

"मॅडम... अर्शी."

ती थांबली. त्यानं तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

"त्या दिवशी मी पळालो," तो म्हणाला.

"बघितलं की मी. हरकत नाही. सगळ्यांना लांब पापण्याच आवडतात, माझा धंदाच त्याच्यावर हाय."

"ऐकून तरी घ्या!" तो इतका कळवळून म्हणाला, की तिनं वर पाहिलं. "आधी तुमच्याकडं बघितलं की मला पापण्या दिसायच्या. मस्करी सुचायची, बोलता यायचं. त्या दिवशी... त्या दिवशी पहिल्यांदा डोळे दिसले. तुमी रडायच्या बेतात होता. आणि मला मस्करी सुचंना, काहीच सुचंना. जिना उतरलो तो सरळ घरी जाऊन अम्मीला सांगितलं. मग अम्मी म्हणाली, आता सबाला मी नेती-आणती. बोलणी व्हायच्या आधी तू रोज तितं जाऊन बसलास, तर पोरीचं नाव निघंल. म्हणून आलो न्हाय. आवडत नव्हतं म्हणून न्हाय."

अर्शीला जुलेखाबींची ती लांबलचक नजर आता कळली.

"अम्मी उद्या तुमच्या अब्बांना भेटायला यायची म्हणती," तो पुढं म्हणाला. "पण आधी तुमाला विचारायचं होतं. तुमी न्हाय म्हणालात, तर ती येणार न्हाय, कुणाला कळणार पण न्हाय. मला तुमी आवडता. लई आवडता. गाळप असलं की मी तिकडं श्रीपूरला, बाकी दिवस हितं. खाट तुमची, काम तुमचं, त्याला कुणी हात लावणार न्हाय. आता... बोला."

आत बायका अजून मुसमुसत होत्या. कुणीतरी पोरीची आठवण काढून मोठ्यानं हुंदका दिला. अर्शी ऐकत राहिली. तिच्या आखूड पापण्या ओल्या झाल्या होत्या आणि त्या लपवायच्या आहेत, हे तिच्या मनातही आलं नाही.

"एक अडचण हाय," ती अखेर म्हणाली.

मुबीनचा चेहरा उतरला. "कसली?"

"रुखसतीला नवरीनं रडायचं असतं ना... एवढ्या लोकांसमोर." ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघून हसली. "मला कसं जमायचं ते? मला तर यायचंच हाय की."